घनाचा छेद

वर्गात फळ्यावर घन काढला जातो तेव्हा गुरुशिष्यांत एक मूक करार झालेला असतो. फळा सपाट, वस्तू तीन मितींची. म्हणून मागच्या कडा तुटक काढायच्या आणि तिरप्या कोनांना काटकोन म्हणायचे. ज्याच्या मनापुढे आकृती उभी राहते त्याचे निभावते. ज्याच्या मनापुढे ती राहत नाही तो प्रमेय पाठ करतो आणि गणित आपल्या नशिबी नाही, अशी गाठ मारून बसतो.

या अडचणीवर व्हिएन्नाच्या तंत्रविद्यापीठात हानेस काउफमान व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक उपाय योजिला आणि ‘कन्स्ट्रक्ट थ्री-डी’ या नावाने तो २००० साली मांडला. डोक्यावर चष्म्यासारखे यंत्र चढवावे, म्हणजे खोलीही दिसते आणि खोलीत तरंगणारी आकृतीही. शिक्षक व विद्यार्थी तीच आकृती पाहतात, तिच्याभोवती फिरतात. यालाच ‘ऑगमेंटेड रिॲलिटी’ म्हणतात. ती साधने महागडी; पुढे हेच काम खिशातल्या फोनवर आले. कॅमेरा टेबलाचा पृष्ठभाग ओळखतो, फोन स्वतःची जागा मोजतो आणि त्या कोनातून आकृती क्षणोक्षणी नव्याने रेखतो. जादू एवढीच!

आता १० सेंटिमीटर कडेचा घन घ्या. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतच्या कर्णाला लंब असे प्रतल त्या कर्णावरून हळूहळू सरकवा. छेद प्रथम त्रिकोण. तो वाढत जातो. एकतृतीयांश अंतरानंतर त्याची टोके कापली जाऊ लागतात, आणि बरोबर मध्यावर सुसम षट्कोन उभा राहतो. पुढे सारे उलट क्रमाने. बटाटा कापूनही हे दिसेल म्हणा. पण कापलेला बटाटा पुन्हा सांधता येत नाही.

मात्र दिसले म्हणजे सिद्ध झाले नव्हे. षट्कोनाचे शिरोबिंदू सहा कडांचे मध्यबिंदू आहेत. ५ व ५ भुजांच्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण म्हणून प्रत्येक बाजू ५√२, म्हणजे सुमारे ७.०७ सेंटिमीटर. पण बाजू सारख्या असल्या तरी कोन वाकडे असू शकतात! म्हणून घनाच्या केंद्रापासून त्या बिंदूंचे अंतर काढावे. तेही ५√२च भरते. म्हणजे सहा समभुज त्रिकोण, आणि प्रत्येक कोन १२० अंशांचा. हे काम यंत्र करीत नाही. ते कागदावरच व्हावे. आमच्या मते मुलांनी प्रथम अंदाजाने छेद काढावा, मग फोन उचलावा, शेवटी सिद्धता लिहावी. फोन आधी हाती दिल्यास अंदाज करण्याची गरजच उरत नाही.