जिप्सम तक्त्यांचे छत : कामाची रीत आणि कामाची गती

कौलारू किंवा पत्र्याच्या छपराखाली आणखी एक छत घालण्याची पद्धत आपल्याकडे नवी नाही. जुन्या वाड्यांतून आणि मोठ्या घरांतून लाकडी तक्तपोशी असे. त्यामुळे उन्हाची धग कमी होई आणि वरून पडणारी धूळ अडे. लाकूड महाग झाले, चांगला सुतार मिळणे अवघड झाले आणि तक्तपोशीची जागा हळूहळू जिप्समच्या तक्त्यांनी घेतली. आज शाळांचे वर्ग, आरोग्य केंद्रे, पंचायतींची सभागृहे आणि सरकारी कार्यालये यांमधून अशी छते दिसू लागली आहेत. कारागीर या तक्त्याला नुसते 'बोर्ड' म्हणतात.

हे छत दिसावयास सपाट, स्वच्छ आणि सुबक असते. परंतु त्याचे बळ ज्या सांगाड्यावर अवलंबून असते, तो सांगाडा काम पुरे होताच कायमचा झाकला जातो. म्हणून या कामात काय पाहावे आणि ते केव्हा पाहावे, याची माहिती केवळ कारागिरालाच नव्हे, तर काम करवून घेणारे अधिकारी, पंचायत सदस्य आणि मुख्याध्यापक यांनाही असणे अगत्याचे आहे.

तक्ता म्हणजे काय

जिप्सम हे खनिज आहे. भारतात त्याचे साठे मुख्यत्वे राजस्थानात सापडतात. त्याच्या वजनाचा सुमारे एक-पंचमांश भाग स्फटिकात बांधलेले पाणी असते. खनिज तापवून त्यातील बरेचसे पाणी काढले की त्याची भुकटी होते. तीत पुन्हा पाणी मिसळले की ती घट्ट बसते. अशा लगद्याचा थर दोन जाड कागदांमध्ये दाबून तक्ता तयार करतात. आग लागल्यास बांधलेले पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते आणि काही काळ आगीची झळ रोखून धरते. हा या वस्तूचा मोठा गुण आहे.

१८९४ साली अमेरिकेत ऑगस्टीन सॅकेट यांनी कागद आणि जिप्समचे थर असलेल्या तक्त्याचे पेटंट घेतले. ओला गिलावा वाळण्यास बरेच दिवस लागत. तक्ता मात्र कोरडाच बसवता येई. वेळेची ही बचत हेच त्याच्या प्रसाराचे मुख्य कारण ठरले. परंतु 'कोरडे काम म्हणजे झटपट काम' हा समजही तेव्हापासूनच त्याला चिकटला. छताच्या बाबतीत हा समज अर्धाच खरा आहे.

वजनाचा हिशेब

छतासाठी साधारणपणे १२.५ मिलिमीटर जाडीचा, सहा फूट लांब व चार फूट रुंद तक्ता वापरतात. त्याचे वजन प्रति चौरस मीटर सुमारे ८ ते ९ किलो भरते; म्हणजे एक तक्ता १८ ते २० किलोंचा होतो. सहा मीटर लांब व पाच मीटर रुंद अशा वर्गाचे छत ३० चौरस मीटरचे असते. त्याला नुसत्या तक्त्यांचेच २४० ते २७० किलो वजन लटकावे लागते. लोखंडी सांगाडा आणि सांध्यांचे भरण वेगळेच. हा सर्व भार विद्यार्थ्यांच्या डोक्यावर वर्षानुवर्षे राहणार असतो. भिंतीवर ठोकलेला तक्ता सैल झाला तरी तो बहुधा टेकून राहतो. छताचा तक्ता सैल झाला तर तो खालीच येतो.

सांगाडा

प्रथम पाण्याच्या नळीने चारही भिंतींवर समान पातळीच्या खुणा करून रंगीत दोरीने रेघ मारतात. त्या रेघेवर कडेचा चॅनेल सुमारे दोन-दोन फुटांवर स्क्रूने पक्का करतात. नंतर वरच्या स्लॅबला फासनर मारून त्यांतून पट्ट्या खाली सोडतात आणि त्यांना मधले चॅनेल सुमारे १२२० मिलिमीटर अंतराने टांगतात. या चॅनेलना आडवे, ४५७ मिलिमीटर म्हणजे दीड फूट अंतराने, सीलिंग सेक्शन क्लिपांनी अडकवतात. तक्ता या सेक्शनवरच स्क्रूने बसतो. वर सांगितलेल्या वर्गात असे सोळा ते वीस टांगणबिंदू येतात. त्यांतील चार-सहा वाचवले तर खालून पाहणाऱ्यास काहीही कळत नाही. उरलेल्या बिंदूंवरचा भार मात्र वाढतो आणि काही काळाने छताला झोळ येतो.

कौलारू इमारतीत विशेष काळजी घ्यावी लागते. टांगण्या रिपांना कधीही अडकवू नयेत. त्या वाशांना किंवा कैचीलाच पक्क्या कराव्यात. तत्पूर्वी लाकूड कुजले आहे काय, वाळवी लागली आहे काय, हे ठोकून पाहावे. विजेचा पंखा तक्त्याला वा चॅनेलला टांगणे सर्वथा वर्ज्य आहे. पंख्याचा हूक वरच्या स्लॅबला किंवा तुळईलाच असला पाहिजे. छप्पर, वायरिंग आणि उंदरांचा उपद्रव यांची पुढे पाहणी करता यावी म्हणून एका कोपऱ्यात उघडता येणारी झडप ठेवावी.

तक्ता चढवणे

या कामास चौघांची तुकडी सोयीची पडते. एकाने खाली मापे घेऊन तक्ते कापावेत, दोघांनी ते उचलून धरावेत आणि चौथ्याने स्क्रू मारावेत. परांची अशा उंचीची असावी की वर उभ्या असलेल्या माणसाचे डोके छतापासून वीतभर अंतरावर राहील. म्हणजे हात पूर्ण ताणावे लागत नाहीत. माणसे कमी असल्यास छताच्या उंचीपेक्षा अर्धा इंच लांब असा, वर आडवी फळी ठोकलेला लाकडी टेकू वापरावा. खुर्च्या, बाके किंवा पिंपे यांवर उभे राहून हे काम करणे म्हणजे अपघाताला आमंत्रण होय.

तक्त्याची लांबी सेक्शनला आडवी यावी, त्याचे टोक सेक्शनच्या मध्यावर टेकावे आणि शेजारच्या दोन ओळींतील आडवे सांधे एका रेषेत येऊ नयेत. स्क्रू तक्त्याच्या मध्यापासून कडांकडे मारीत न्यावेत. चारही कोपरे आधी पक्के केले तर मधला फुगवटा तसाच अडकून राहतो. स्क्रूंमधील अंतर २३० मिलिमीटरच्या आत असावे. या हिशेबाने एका तक्त्यास सुमारे तीस आणि संपूर्ण वर्गास चारशेहून अधिक स्क्रू लागतात. प्रत्येक स्क्रूचे डोके कागदाच्या किंचित आत बसावे, परंतु कागद फाटू नये. तक्त्याला धरून ठेवण्यात कागदाचा मोठा वाटा असतो; तो फाटला की स्क्रू भुसभुशीत गाभ्यात नुसता रुतून राहतो. अशा वेळी दोन इंच बाजूला दुसरा स्क्रू मारावा.

गती कोठे असावी

तक्ते चढवणे हा या कामातील सर्वांत जलद भाग आहे. सांगाडा बिनचूक असेल तर अनुभवी तुकडी एका वर्गाचे तक्ते एका दिवसात बसवू शकते. त्याआधी खुणा, टांगण्या आणि पातळी यांना दोन दिवस द्यावेत. त्यानंतर सांध्यांत भरण घालून कागदी पट्टी बसवणे, तो थर वाळू देणे, मग दुसरा व आवश्यक तर तिसरा थर देणे आणि शेवटी काचकागदाने घासणे यांस आणखी काही दिवस लागतात. पहिला थर ओला असतानाच दुसरा चढवला तर तो आक्रसून सांध्यावर बारीक चीर उमटते. दमट हवेत वाळण्यास अधिक वेळ लागतो. तेथे मजूर वाढवून काहीही साधत नाही.

माणसाच्या थकव्याचाही विचार केला पाहिजे. हात डोक्यावर धरून केलेल्या कामात खांदे आणि मान लवकर भरून येतात, आणि थकलेल्या हाताने मारलेला स्क्रू तिरपा जातो. म्हणून स्क्रू मारणारा आणि तक्ता धरणारा यांनी ठरावीक वेळाने कामे बदलावीत. वर पाहून काम करताना डोळ्यांना चष्मा आणि घासताना नाकातोंडाला कापड किंवा मुखपट्टी आवश्यक आहे.

पुष्कळदा ठेका चौरस फुटावर दिलेला असतो आणि शाळा सुटीतच रिकामी मिळते. दर क्षेत्रफळाचा असल्यामुळे टांगणी वगळणाऱ्यास आणि प्रत्येक टांगणी नीट लावणाऱ्यास मोबदला सारखाच मिळतो. यात केवळ कारागिराला दोष देणे न्याय्य नाही. काम उरकण्याची निकड वरूनच आली, तर ती खाली स्क्रूंच्या संख्येतच उतरते.

पावसाचा विचार

गोव्यासारख्या प्रदेशात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या महिन्यांत. जिप्सम आणि कागद या दोहोंचा पाणी हा शत्रू आहे. ओलावा-रोधक तक्ते मिळतात; परंतु तेही दमट हवेसाठी असतात, गळणाऱ्या छपराखाली घालण्यासाठी नव्हेत. भिजलेला तक्ता जड होतो, वाकतो आणि अखेर स्क्रूंवरून निसटतो. म्हणून छप्पर दुरुस्त करून ते एका पावसात तपासावे आणि मगच छताचे काम हाती घ्यावे, हा उत्तम क्रम होय. तक्ते जमिनीपासून उंच, आडवे आणि छपराखाली रचून ठेवावेत. छतावर पिवळसर डाग दिसला तर त्यावर रंग न लावता झडप उघडून गळतीचा शोध घ्यावा.

झाकण्यापूर्वी पाहावे

या सर्व सूचनांचे सार एका नियमात सांगता येते : सांगाडा तपासल्याविना पहिला तक्ता वर चढू देऊ नये. अभियंत्याने त्या दिवशी टांगण्या मोजाव्यात, अंतरे मापावीत, पातळीची दोरी धरावी आणि प्रत्येक टांगणी हाताने ओढून पाहावी. सांगाड्याची छायाचित्रे घेऊन मोजमाप पुस्तिकेत नोंद करावी आणि ठेक्याच्या रकमेचा एक हप्ता या तपासणीशी जोडावा. मुख्याध्यापक किंवा पंचायत सदस्य यांना तांत्रिक ज्ञान नसले तरी दीड फुटांचे अंतर फूटपट्टीने मोजता येते आणि टांगण्या बोटांनी मोजता येतात.

या तपासणीस अर्धा दिवस पुरतो. तेवढा अर्धा दिवस वाचवण्याच्या मोहात पडू नये. कारण छत एकदा झाकले की त्यातील उणीव शोधण्याचे साधन उरत नाही, आणि ती उणीव उघडी पडते तेव्हा खाली वर्ग भरलेला असण्याचा संभव असतो.