शाळूचे बियाणे

सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेस महाबळेश्वर आहे आणि पूर्व सीमेजवळ, माणगंगेच्या काठी, म्हसवड आहे. गावे एकाच जिल्ह्यातील. परंतु महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर म्हसवडच्या वाट्याला त्याचा दहावा हिस्साही क्वचितच येतो. पश्चिमेकडून येणारे ढग सह्याद्रीवर आपले बहुतेक पाणी रिते करतात आणि माणदेशावर येतात ते हलके होऊन. या भागाची खरी भिस्त असते ती भाद्रपद-आश्विनातील परतीच्या पावसावर. उत्तरा आणि हस्त ही नक्षत्रे बरसली, म्हणजे शेतकरी पाभर बाहेर काढतो आणि शाळू पेरतो.

शाळू म्हणजे रब्बी हंगामातील ज्वारी. हे पीक मोठे विलक्षण आहे. इतर बहुतेक पिकांना वाढीच्या काळात वरून पाणी लागते. शाळूची पेरणी मात्र पाऊस संपता संपता होते. पुढील चार महिने बहुधा आभाळ कोरडेच असते. पावसाळ्यात जमिनीने जी ओल पोटात साठविली असेल, तीच या पिकाची शिदोरी. शिदोरी संपण्यापूर्वी रोपाने वाढावयाचे, फुलावयाचे आणि दाणा भरावयाचा. ओल जसजशी खाली जाते, तसतशी शाळूची मुळे तिच्या मागोमाग खोल उतरतात. पानांवर मेणासारखा पातळ थर असतो. त्यामुळे पानांतील पाणी सहज उडून जात नाही. उन्हाचा ताप वाढला, की पाने वळून आपले अंग आखडून घेतात.

अशा पिकाचे चांगले बियाणे कोणते? ज्याला दाणा अधिक येतो ते, असे उत्तर कोणीही चटकन देईल. परंतु माणदेशातील शेतकऱ्याला एवढ्याने भागत नाही. दाणा टपोरा, पांढरा व चमकदार हवा; त्याची भाकरी मऊ व गोड व्हावयास हवी. त्याबरोबरच ताट उंच आणि पानांनी भरलेले हवे. कारण कणसे खुडून घेतल्यावर जो कडबा उरतो, तो बैलांचे व गायींचे वर्षभराचे अन्न असतो. 1876-77 चा भीषण दुष्काळ या भागाने सोसला. 1972 च्या दुष्काळात माणसे कामासाठी खडी फोडावयास गेली. 2012-13 साली पुन्हा पाणी आटले आणि म्हसवडच्या परिसरात जनावरांसाठी चाऱ्याच्या छावण्या उभाराव्या लागल्या. ज्या वर्षी दाणा हाती येत नाही, त्या वर्षी निदान कडबा तरी हाती यावा, ही येथील शेतकऱ्याची अपेक्षा अशा अनुभवांतून आलेली आहे.

बियाण्याची निवड ही काही केवळ प्रयोगशाळेत जन्मलेली विद्या नव्हे. ज्वारीचे मूळ घर आफ्रिका खंड. तेथून हजारो वर्षांपूर्वी ती भारतात आली आणि येथील शेतकऱ्यांनी तिला आपलेसे केले. खळ्यावर कणसे आली, की जाणता शेतकरी त्यांतील भरदार कणसे बाजूला काढी आणि पुढील पेरणीसाठी जपून ठेवी. पिढ्यान् पिढ्या अशी निवड झाली आणि प्रत्येक मुलखाच्या मातीला मानवणारे वाण तयार झाले. हुरड्यासाठी गूळभेंडी, कठीण दाण्याची दगडी, भाकरीसाठी मालदांडी, अशी नावे त्यांना लोकांनीच दिली.

तथापि या जुन्या वाणांत एक उणीव होती. एकाच शेतातील मालदांडीची सर्व ताटे सारखी नसत. काही ताटे लवकर पिकत, काही उशिरा. काहींचा दाणा टपोरा असे, तर काहींचा बारीक. बाहेरून एक दिसणारे बियाणे प्रत्यक्षात अनेक कुळांचे मिश्रण असे. या मिश्रणातून उत्तम कूळ वेगळे कसे काढावे?

याचा मार्ग वनस्पतिशास्त्राने दाखविला. डेन्मार्कमधील शास्त्रज्ञ योहानसेन यांनी 1903 साली घेवड्यावरील प्रयोगांतून एक महत्त्वाची गोष्ट सिद्ध केली. मोठे बी दोन कारणांनी मोठे असू शकते. त्याला चांगली जागा मिळाली, हे एक कारण. त्याचे कूळच मोठ्या बियांचे, हे दुसरे. पहिला गुण पुढील पिढीत उतरत नाही, दुसरा उतरतो. म्हणून बी चांगले आहे की नाही, हे केवळ त्याच्याकडे पाहून ठरत नाही. ते त्याच्या संततीवरून ठरवावे लागते.

म्हसवडच्या पूर्वेस, सोलापूर जिल्ह्यात, मोहोळ हे गाव आहे. तेथील कृषी संशोधन केंद्रात 1930 ते 1940 या दशकात मालदांडीतून याच रीतीने निवड करण्यात आली. अशा कामाची पद्धत सोपी, पण चिकाटीची असते. निवडलेल्या प्रत्येक कणसाचे दाणे वेगळे ठेवतात आणि ते वेगवेगळ्या ओळींत पेरतात. शेजारच्या ताटाचे परागकण वाऱ्याने येऊन मिसळू नयेत, म्हणून फुलोरा येण्यापूर्वी कणसावर कागदी पिशवी चढवितात. मग प्रत्येक ओळीची उंची, फुलण्याचा दिवस, रोग, दाण्याचे व कडब्याचे वजन यांची नोंद होते. ज्या ओळी कमी पडतात, त्या सोडून देतात. ज्या टिकतात, त्या पुढील वर्षी पुन्हा पेरतात. अशी अनेक वर्षांची चाळणी लागल्यावर जे शुद्ध कूळ उरले, त्याला ‘मालदांडी 35-1’ असे नाव मिळाले. सुमारे चार महिन्यांत पिकणारा हा वाण मोत्यासारखा दाणा आणि भरपूर कडबा, दोन्ही देतो. म्हणूनच ऐंशीहून अधिक वर्षे लोटली, तरी शेतकऱ्यांनी त्याला टाकलेले नाही.

पुढे ज्वारीच्या संशोधनाला नवी दिशा मिळाली. निवडीने मिश्रणात असलेले गुणच वेगळे काढता येतात. नसलेला गुण आणता येत नाही. त्यासाठी दोन भिन्न वाणांचा संकर करावा लागतो. 1964 साली ‘सी. एस. एच. 1’ हा ज्वारीचा पहिला भारतीय संकरित वाण प्रसारित झाला. पावसाळी हंगामात अशा बुटक्या, लवकर पिकणाऱ्या वाणांनी धान्याचे उत्पन्न पुष्कळ वाढविले. साहजिकच, हेच यश रब्बीतही मिळेल असे वाटले. परंतु शाळूची गोष्ट निराळी होती. थंडीत वाढणे, उतरत्या ओलीवर तग धरणे, चमकदार दाणा आणि भरपूर कडबा या चारही गुणांत मालदांडीला मागे टाकणे संकरित वाणांना जड गेले. एका हंगामात श्रेष्ठ ठरलेले बियाणे दुसऱ्या हंगामातही श्रेष्ठ ठरेलच असे नाही, हा धडा यातून मिळाला.

बियाणे कितीही चांगले असले, तरी त्याला शत्रू असतातच. रोप लहान असताना खोडमाशी पानांवर अंडी घालते. तिची अळी पोंग्यात शिरते आणि पोंगा वाळून जातो. ज्या वाणांच्या कोवळ्या रोपांची पाने तुकतुकीत असतात, त्यांच्यावर ही माशी कमी अंडी घालते, असे संशोधकांना आढळले. काणी रोगात कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी भरते. या रोगाचे बीजाणू बियाण्याला चिकटून येतात. म्हणून पेरणीपूर्वी दर किलो बियाण्यास 4 ग्रॅम गंधक चोळतात. सर्वांत फसवा रोग म्हणजे खडखड्या. दाणा भरण्याच्या वेळी ओल संपली आणि जमीन तापली, की मातीतील बुरशी मुळांवाटे ताटात शिरते. ताट आतून पोकळ होते आणि उभे पीक कोलमडते. जी ताटे पाण्याचा ताण पडूनही शेवटपर्यंत हिरवी राहतात, ती या रोगाला सहसा बळी पडत नाहीत. म्हणून संशोधक आता अशा हिरव्या राहणाऱ्या ताटांचा शोध घेतात.

माणदेशातील सर्व जमीनही एकसारखी नाही. नदीकाठी खोल काळी माती आहे. माळावर मात्र वीतभर मातीखाली मुरूम लागतो. खोल मातीत शिदोरी मोठी, उथळ मातीत लहान. मग दोन्हीकडे एकच बियाणे कसे चालेल? राहुरी येथे 1968 साली स्थापन झालेल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने या प्रश्नाचे उत्तर शोधले. हलक्या जमिनीसाठी ‘फुले अनुराधा’ व ‘फुले माउली’, मध्यम जमिनीसाठी ‘फुले सुचित्रा’ आणि भारी जमिनीसाठी ‘फुले वसुधा’ असे निरनिराळे वाण त्याने दिले. ‘फुले अनुराधा’ सुमारे 105 ते 110 दिवसांत पिकते. म्हणजे माळावरची ओल संपते न संपते, तोच तिचा दाणा भरलेला असतो. ताटाने मातीची खोली ओळखावी, अशी ही योजना आहे.

अर्थात, बियाणे म्हणजे सर्वस्व नव्हे. उताराला आडवी पेरणी केली, तर पावसाचे पाणी वाहून न जाता जमिनीत मुरते. वेळेवर कोळपणी केली, तर भेगा बुजतात आणि ओल टिकते. ही कामे शेतकऱ्यालाच करावी लागतात. पाऊसच आला नाही, तर उत्तम बियाणेही हतबल होते. परंतु थोडा आला, तर त्या थोड्याचे सोने करणे चांगल्या बियाण्याला साधते.

पौषात म्हसवडच्या शिवारात शाळू निसवलेला असतो. पहाटेच्या दहिवरात कणसे भिजतात आणि माळ्यावरून पाखरे हाकण्याचे आवाज ऐकू येतात. त्या कणसांतील प्रत्येक दाण्यात दोघांचे श्रम एकत्र आलेले असतात. खळ्यावर कणीस निवडून ठेवणाऱ्या अनाम शेतकऱ्याचे श्रम, आणि तेच कणीस हाती घेऊन त्याच्या संततीची वर्षानुवर्षे पारख करणाऱ्या संशोधकाचे श्रम. शेतकऱ्याने जपले नसते, तर संशोधकाला निवडावयास काही उरले नसते. आणि संशोधकाने पारखले नसते, तर ते उत्तम कूळ मिश्रणातच हरवून गेले असते.