लग्नाने सासर मिळते, नागरिकत्व नाही



माझे घर लातूरला, पत्नीचे माहेर नांदेडला. पहिले बाळंतपण माहेरी, या रिवाजाप्रमाणे आमची मुलगी नांदेडला जन्मली आणि लातूरला शिकली. पुढे नोकरीसाठी ती इटलीला गेली आणि तिथल्याच मुलाशी तिने लग्न ठरवले. लग्न लातुरात, विशेष विवाह कायद्याखाली झाले. तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार, सह्या आणि पेढे. त्या दिवशी प्रत्येक पाहुणा मला म्हणत होता, "म्हणजे आता पोरगी इटालियन झाली!" मलाही तसेच वाटत होते. ते खरे नव्हते.

एके काळी ते खरे होते. १९१२च्या कायद्याप्रमाणे इटालियन पुरुषाशी लग्न करणारी परदेशी स्त्री लग्नासरशी इटालियन होत असे. १९८३ साली ही तरतूद गेली. आता १९९२चा कायदा आहे. त्यानुसार लग्नाने फक्त अर्ज करण्याचा हक्क मिळतो. जोडपे इटलीत राहत असेल तर लग्नानंतर दोन वर्षे तिथे कायदेशीर वास्तव्य लागते. इटलीबाहेर राहत असेल तर लग्नाला तीन वर्षे व्हावी लागतात. मूल झाले असल्यास ही मुदत निम्मी होते. २०१८पासून इटालियन भाषेची 'बी-१' पातळीची परीक्षाही आवश्यक आहे. हुकूम निघेपर्यंत लग्न टिकलेले असावे लागते. मध्येच फारकत झाली तर अर्ज बाद. अर्जाचा निकाल लागायला दोन-तीन वर्षे जातात.

आमची खरी कसोटी कागदपत्रांनी पाहिली. आपल्या मराठवाड्यात मूळ आडनाव एक आणि गावावरून पडलेले दुसरे, असे पुष्कळ घरांत असते. मुलीच्या आजोबांनी नांदेडला जन्माची नोंद करताना गावावरचे आडनाव सांगितले. मी लातूरच्या शाळेत मूळ आडनाव लिहिले. पासपोर्ट शाळेच्या दाखल्यावरून निघाला. आपल्याला यात काही वावगे वाटत नाही, परंतु परक्या देशाच्या दफ्तरात या दोन वेगवेगळ्या मुली ठरतात. चूक आमचीच होती. शपथपत्र, राजपत्रात जाहीर प्रकटन असे सोपस्कार करण्यात आमचे कित्येक महिने गेले. त्यानंतर जन्मदाखला आणि पोलिसांचे चारित्र्य प्रमाणपत्र यांवर परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल शिक्का आणि इटालियन भाषांतर. भारत २००५ साली अपॉस्टिल करारात सामील झाल्यामुळे हा शिक्का इटलीत चालतो. आणखी एक सांगतो. इटलीत लग्नानंतरही स्त्रीचे दफ्तरी नाव माहेरचेच राहते. म्हणून मुलगी परदेशी द्यायची असेल तर तिचे नाव बदलण्याची घाई करू नका.

आता मुख्य गोष्ट. इटलीला दुहेरी नागरिकत्व चालते, भारताला चालत नाही. आपल्या राज्यघटनेचा नववा अनुच्छेद आणि १९५५च्या नागरिकत्व कायद्याचे नववे कलम हेच सांगते, की स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारताचे संपते. त्यासाठी वेगळा राजीनामा द्यावा लागत नाही. भारतीय पासपोर्ट मात्र परत करावा लागतो. पुढे 'ओसीआय' कार्ड मिळू शकते. त्यावर आयुष्यभर येण्या-जाण्याची मुभा असते. पण मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली जमीन ठेवता येते.

जावईबापूंनी इकडे येऊन भारतीय व्हायचे ठरवले तर? आपला कायदाही लग्नाबरोबर नागरिकत्व देत नाही. भारतीय व्यक्तीशी लग्न झालेल्याला अर्जापूर्वी सात वर्षांचे वास्तव्य लागते. त्यातले शेवटचे वर्ष सलग. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जातो. या वाटेचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण म्हणजे श्रीमती सोनिया गांधी. त्यांचे लग्न १९६८ साली झाले आणि भारतीय नागरिकत्व १९८३ साली मिळाले. मध्ये पंधरा वर्षे गेली. १९९९ साली परदेशी जन्माच्या याच मुद्द्यावरून काँग्रेसमधून काढून टाकलेल्या शरद पवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष काढला, हे आपल्या महाराष्ट्राला आठवत असेल. कागदावर नागरिक होणे आणि लोकांनी आपले म्हणणे, यांत किती अंतर असते ते तेव्हा दिसले.

आमच्या मुलीचा हुकूम आला आहे. सहा महिन्यांच्या आत तिला इटलीच्या प्रजासत्ताकाशी निष्ठेची शपथ घ्यायची आहे. न घेतल्यास हुकूम वाया जाईल. परवा तिचा फोन आला. म्हणाली, "बाबा, शपथ घेतली तर मतदार यादीतून माझं नाव जाईल ना?" मी हो म्हणालो. ती बराच वेळ बोलली नाही. मग पत्नीने फोन घेतला आणि म्हणाली, "बाई, यादीतून जाईल, घरातून नाही. तुला जे बरं वाटेल ते कर, पण नीट विचार करून कर."

मुदतीचे चार महिने अजून शिल्लक आहेत. ती विचार करते आहे. आम्ही तिला घाई करत नाही. ज्यांच्या घरी असा विवाह ठरतो आहे त्यांना माझे एवढेच सांगणे आहे, की लग्नाच्या याद्या करता करता मुलांचे जन्मदाखले एकदा काढून बघा आणि शपथेचा अर्थ त्यांना आधीच समजावून सांगा.