पायाचा नंबर आणि पायाचं मत

धावण्याचे बूट घ्यायला खास दुकानात जायचं असेल, तर जुने बूट पिशवीत घालून न्यावेत. कसलेला विक्रेता ते आधी उलटे करतो, टाचेखालचं रबर अंगठ्यानं चाचपतो, मग ते टेबलावर ठेवून मागून बघतो. टाचेची बाहेरची कड झिजलेली असते. ती पाहून बरेच जण धसकतात, की आपलं पाऊल वाकडं पडतं. खरं तर बहुतेकांची झीज तिथंच असते. धावताना टाच टेकते ती बाहेरच्या कडेवर, आणि तिथून पाऊल आतल्या बाजूला कलत सपाट होतं. टेकण्यापासून उचलण्यापर्यंतचा हा सगळा खेळ जेमतेम पाव सेकंदाचा. तेवढ्यात पायावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट जोर येऊन जातो. मीटरभराचं पाऊल धरलं, तर एका मॅरेथॉनमध्ये हे ४२ हजार वेळा घडतं. आणि एवढं सगळं जिच्या भरवशावर, ती वस्तू आपण एरवी ‘आठ नंबर द्या’ म्हणून घेऊन येतो.

हा आठ नंबर म्हणजे तरी काय? आपल्याकडे चालतो तो इंग्रजांचा नंबर, आणि तो त्यांनी बार्लीच्या दाण्यावर बसवलेला आहे. एक दाणा म्हणजे एक तृतीयांश इंच, आणि नंबर एकानं वाढला की बूट एका दाण्यानं वाढला. मोजणी सुरू होते चार इंचांपासून. लहान मुलांचे नंबर तेरापर्यंत जातात आणि मोठ्यांसाठी गाडी पुन्हा एकवर येते. या हिशेबानं मोठ्यांचा आठ म्हणजे अकरा इंच. हे अकरा इंचही पावलाचे नव्हेत. ज्या फर्म्यावर चढवून बूट घडवतात, त्या फर्म्याचे! अमेरिकेनं दाणा तोच ठेवला, पण मोजणी दुसरीकडून धरली. युरोपचा नंबर दोन तृतीयांश सेंटिमीटरनं वाढतो. बुटाच्या जिभेवर तीन-चार वेगवेगळे आकडे छापलेले दिसतात ते यामुळे. त्यात प्रत्येक कंपनीचा फर्मा वेगळा, म्हणून एकीचा आठ सैल होतो आणि दुसरीचा आठ चावतो.

म्हणून चांगल्या दुकानात नंबर न विचारता पाऊल मोजतात. आता काही ठिकाणी पायाचा त्रिमितीय स्कॅन होतो, पण मला भुरळ पडते ती जुन्या ब्रॅनॉक मापकाची. धातूची थंडगार पट्टी, मागे टाच बसवायला वाटीसारखी कड, आणि बाजूंना सरकणारे दोन भाग. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूज शहरात चार्ल्स ब्रॅनॉकच्या वडिलांचं बुटांचं दुकान होतं. १९२०च्या दशकात या मुलानं पट्ट्या आणि स्क्रू जोडून खेळायच्या मुलांच्या खेळण्यातून पहिला नमुना जुळवला. शंभर वर्षं होत आली, उपकरण जवळपास तसंच आहे.

त्याची खरी करामत तिसऱ्या मापात आहे. लांबी आणि रुंदी कुणालाही सुचेल. ब्रॅनॉकनं टाचेपासून चवड्यापर्यंतचं, म्हणजे अंगठ्याच्या मुळाशी जो उंचवटा लागतो तिथपर्यंतचं अंतरही मोजलं. दोन बहिणींची पावलं अगदी सारख्या लांबीची असू शकतात, पण एकीची बोटं लांबसडक आणि दुसरीची आखूड. बूट दुमडतो तो ठरलेल्या जागी. पाऊल दुमडतं ते चवड्यापाशी. या दोन जागा जुळल्या नाहीत, तर लांबीला चोख बसलेला बूटही प्रत्येक पावलाला पायाशी भांडतो. म्हणून दोन्ही मापं घ्यायची आणि जे मोठं भरेल त्याचा नंबर धरायचा. शिवाय दोन्ही पाय मोजायचे. डावं-उजवं सहसा तंतोतंत सारखं नसतं. थोरल्या पायाला बसतो तो बूट घ्यायचा.

रुंदीचं दुखणं आपल्याकडे जरा जास्तच. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं २०२१-२२मध्ये देशभर फिरून एक लाखाहून अधिक लोकांचे पाय मोजवले. युरोप-अमेरिकेतल्या पायांपेक्षा भारतीय पाय रुंद असतात, असं त्यातून पुढे आलं, आणि ‘भा’ नावाच्या भारतीय मापपद्धतीचा प्रस्ताव त्यातूनच तयार झाला. करंगळी दबते म्हणून एक नंबर मोठा घ्यायचा आणि मग टाच निसटू नये म्हणून नाडी करकचून आवळायची, हा उद्योग आपल्यापैकी किती जण वर्षानुवर्षं करत आले असतील! दुकानात यावर एक सोपी तपासणी आहे. बुटातला काढता येणारा सोल बाहेर काढून जमिनीवर ठेवायचा आणि त्यावर उभं राहायचं. पायाची कड सोलच्या बाहेर सांडत असेल, तर लांबी वाढवून उपयोग नाही, रुंद फर्म्याचा बूट मागायचा.

उभं राहायचं, हे महत्त्वाचं. बसून घेतलेलं माप आणि उभ्यानं घेतलेलं माप जुळत नाही, कारण वजन पडताच पावलाची कमान दबते आणि पाऊल पसरतं. एका पावलात २६ हाडं. दोन्ही मिळून ५२, म्हणजे अंगातल्या २०६ हाडांपैकी पाव हिस्सा घोट्याखाली. ही कमान नुसता आधार नाही, ती स्प्रिंग आहे. ब्रिटनमधल्या लीड्स विद्यापीठातल्या मॅकनील अलेक्झांडर आणि सहकाऱ्यांनी उपचारासाठी कापाव्या लागलेल्या पायांची पावलं यंत्रात दाबून पाहिली. दाबताना साठलेली ऊर्जा कमान बरीचशी परत देते, असं त्यांनी १९८७मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलं. दुसरी गंमत घरी करून बघता येते. अनवाणी उभे राहा आणि कुणाला तरी तुमच्या पायाचा अंगठा हातानं वर उचलायला सांगा. तळव्याची कमान आपोआप वर चढेल. टाचेपासून बोटांपर्यंत गेलेला तळव्यातला पट्टा अंगठ्याच्या सांध्यावर रहाटाच्या दोरासारखा गुंडाळला जातो आणि टाचेला पुढे ओढतो. १९५४मध्ये हिक्स या ब्रिटिश संशोधकानं ही यंत्रणा वर्णन केली. पाऊल टेकताना मऊ आणि रेटा देताना ताठ, हे दोन्ही एकाच अवयवाला जमतं ते त्यामुळे.

असा पाय दुकानात यंत्रापुढे गेला की काय होतं, याचा इतिहास फार सरळ नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिका-ब्रिटनमधल्या बुटांच्या दुकानांत चक्क क्ष-किरणांची पेटी असायची. मुलानं नवे बूट घालून खालच्या खाचेत पाय सरकवायचे. वर बघायला तीन खिडक्या: एक मुलाला, एक आईला, एक विक्रेत्याला. हिरवट पडद्यावर बुटाच्या आत हाडं हलताना दिसायची. आई खूश, पोरगं खूश. क्ष-किरणांचा धोका लक्षात आल्यावर १९५७मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्यानं या पेट्यांवर बंदी घातली, आणि हळूहळू त्या सगळीकडूनच गेल्या. बूट दाबतो ते मांसाला, आणि ते त्या पडद्यावर धड दिसतच नव्हतं!

आजची पेटी म्हणजे ट्रेडमिल आणि मागे लावलेला कॅमेरा. तुम्ही मिनिटभर धावता, मग पडद्यावर आपलीच टाच संथ गतीनं आत कलताना दिसते. हे कलणं धक्का पचवण्याची पायाची नैसर्गिक रीत आहे. ते किती, त्यावरून बुटांचे गट पडले: साधे, आधार देणारे, कलणं रोखणारे. तर्क बिनतोड वाटतो. पण अमेरिकी सैन्यानं तो हजारो नव्या जवानांवर तपासला. अर्ध्यांना तळव्याच्या आकारावरून निवडलेले बूट दिले, बाकीच्यांना सरसकट एकाच प्रकारचे. दुखापतींत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. डेन्मार्कमध्ये ९२७ नवशिक्या धावणाऱ्यांना सारखेच साधे बूट देऊन वर्षभर नोंद ठेवली, तेव्हा पाय आत कलणाऱ्यांना जास्त दुखापती होतात असं काही दिसलं नाही. उलट २०१६मध्ये लक्झेंबर्गमधल्या ३७२ जणांच्या प्रयोगात जास्त कलणाऱ्या पायांना कलणं रोखणाऱ्या बुटांचा फायदा दिसला. तेव्हा कॅमेरा निकामी आहे असं म्हणणार नाही. त्याच्यावर निकाल सोपवू नये, एवढंच.

निकाल कुणावर सोपवावा, याचं उत्तर कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठातले संशोधक बेनो निग यांनी दिलं, आणि या सगळ्यात मला सर्वांत मोठं नवल त्याचंच वाटतं. २००१मध्ये त्यांच्या गटानं २०६ सैनिकांवर प्रयोग केला. काही जणांना बुटात घालायचे सहा प्रकारचे सोल दाखवून ज्याचा त्याला आवडेल तो निवडायला सांगितलं, उरलेल्यांना काहीच दिलं नाही. निवड सैनिकागणिक वेगळी निघाली, आणि आपल्या आवडीचा सोल वापरणाऱ्यांना दुखापती कमी झाल्या. पुढे निग यांनी मत मांडलं, की प्रत्येक शरीराची हालचालीची आपली अशी वाट असते. बूट त्या वाटेत आडवा येत असेल तर पायाला ते बोचतं. ‘बरं वाटतंय’ ही तक्रारपेटीतली चिठ्ठी नाही, ते माप आहे. ब्रॅनॉकच्या पट्टीला आणि कॅमेऱ्याला जे कळत नाही, ते त्या ५२ हाडांमधून वर येत असतं.

हे ऐकू यायला मात्र वेळ द्यावा लागतो. संध्याकाळी जा, दिवसभर वावरून पाय थोडे सुजलेले असतात, लांब धावताना होतात तसे. आपलेच धावायचे मोजे घाला. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, नाहीतर उतारावर नखं काळीनिळी पडतात. टाच निसटत असेल, तर घोट्यापाशी वर एक जास्तीचं छिद्र असतं, एरवी कुणी वापरत नाही ते. नाडीचं टोक त्याच बाजूनं त्यातून आत घाला, म्हणजे लहानसा फास तयार होईल. समोरचं टोक त्या फासातून ओढून मग गाठ मारा. टाच जागची हलत नाही. आणि दोन जोडांत ठरत नसेल, तर डाव्या पायात एक, उजव्यात दुसरा घालून दुकानाबाहेर एक चक्कर धावून या. बघणारे हसतात. विक्रेता मात्र हसत नाही, तो दुसरा डबा उघडून तयार असतो.