सुया टोचून कंबर बरी होते काय?



हल्ली गटावर फिरताना लागणीपेक्षा कंबर-गुडघ्याच्याच चौकश्या जास्त होतात. "साहेब, अ‍ॅक्युपंक्चरच्या सुयांनी कंबर बरी होते म्हणतात, गोळ्या बंद करून तिकडे जावे काय?" असा प्रश्न अनेक सभासदांनी केला. आम्ही शेतकी खात्याची माणसे, डॉक्टर नव्हे. तरी चाचणी कशी घ्यायची हे आपल्या धंद्यात सर्वांना कळते, म्हणून चार शब्द.

नवे खत आले की आपण ते लगेच सगळ्या रानात टाकत नाही. शेजारी बिनखताची पट्टी ठेवतो आणि उतारा काट्यावर ताडून पाहतो. जर्मनीत कंबरदुखीवर अशीच चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. ११६२ रोग्यांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, तीन गट केले. पहिल्याला चिनी शास्त्राप्रमाणे नेमक्या बिंदूंवर सुया. दुसऱ्याला भलत्याच जागी, वरवर सुया. तिसऱ्याला नेहमीची औषधे, व्यायाम वगैरे. सहा महिन्यांनी पहिल्या गटात शेकडा ४७.६, दुसऱ्यात ४४.२ व तिसऱ्यात २७.४ लोकांना उतार पडला.

हे आकडे नीट बघा. सुयांना गुण आहे, पण नेमकी जागा आणि भलती जागा यांत फरक जवळजवळ नाहीच. दुसरा गट म्हणजे खताच्या पोत्यात नुसती माती भरून टाकलेली पट्टी, आणि तिचा उताराही तेवढाच! ऊस पोत्यावरचे नाव वाचत नाही, माणूस वाचतो. शरीरात 'ची' नावाची शक्ती पाटाच्या पाण्यासारखी ठराविक वाहिन्यांतून वाहते आणि ती तुंबली की दुखते, ही जी उपपत्ती सांगतात तिला यातून आधार मिळत नाही. मग गुण येतो कशाने? टोचण्याने मज्जातंतू चाळवतात, असे एक कारण देतात. भरवसा आणि आस्थेने लावलेला हात, हे दुसरे. शिवाय तिसऱ्या गटातल्यांची कंबर कैक वर्षांची दुखरी. पुन्हा जुनेच औषध पदरी पडल्यावर त्यांचा हिरमोड झाला असेल, असे मला वाटते.

जाणत्यांचेही एकमत नाही. जर्मनीत २००७ पासून जुनाट कंबर व गुडघेदुखीसाठी याचा खर्च सरकारी आरोग्य विमा देतो. उलट इंग्लंडच्या 'नाइस' या संस्थेने कंबरदुखीसाठी २००९ मध्ये केलेली शिफारस २०१६ मध्ये मागे घेतली.

माझे मत विचाराल तर जुनाट दुखण्याला जोड म्हणून करून बघायला हरकत नाही. आठ-दहा वेळा जाऊनही फरक नसेल तर पैसे घालवत बसू नये. सुई नवी, समोर पाकीट फोडून काढलेली हवी. वापरलेल्या सुईने कावीळ लागू शकते. छातीवर खोल सुई गेली तर फुफ्फुसाला भोक पडते, म्हणून शिकलेल्याकडेच जावे. आपल्या राज्यात या उपचारासाठी २०१५ चा कायदा आहे, तेव्हा नोंदणी विचारायला लाजू नये. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असल्यास आधी सांगावे.

मात्र साखर, रक्तदाब, क्षय यांच्या गोळ्या सुयांच्या भरवशावर सोडू नयेत. छातीत कळ आली किंवा पान लागले तर थेट दवाखाना. आणि कंबरदुखीबरोबर पाय लुळे पडले, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी अडली, तर तोडीची चिठ्ठी बाजूला ठेवून त्याच दिवशी मोठे हॉस्पिटल गाठावे.

— ऊस विकास अधिकारी