वाघ सगळ्यांचा, फोटो एकाचा

लेखमाला : धंदा आणि कायदा (भाग 6)

ऑक्टोबर उजाडला, ताडोब्याचा कोअर भाग पुन्हा उघडला, की नागपुरात रविवारच्या वर्तमानपत्रातून सहलींची पत्रकं घसरून मांडीवर पडू लागतात. पाणवठ्यावरचा वाघ, खाली केशरी पट्टी, पट्टीवर ‘2 रात्री, 3 दिवस’. ताडोबा, पेंच, उमरेड-कऱ्हांडला, बोर, नवेगाव-नागझिरा अशी जंगलं आसपास असलेलं हे शहर स्वतःला ‘टायगर कॅपिटल’ म्हणवून घेतं. साहजिकच वाघ दाखवायला नेणारेही इथे पुष्कळ. मागच्या भागात दुकानाच्या पाटीवरून होणारी भांडणं पाहिली. आज पत्रकावरून होणारी पाहू.

समजा, धंतोलीत एका सहल-व्यावसायिकाचं छोटं ऑफिस आहे. त्याला आपण भाऊ म्हणू. भाऊनं टेबलावर दोन पत्रकं शेजारी शेजारी ठेवली आहेत. एक त्याचं, दुसरं पुण्याच्या एका नव्या कंपनीचं. ‘‘आपलंच पाम्प्लेट उचललं ना त्यानं! फक्त फोन नंबर बदलवला,’’ भाऊ म्हणतो. बघायला गेलं तर खरंच आहे. तोच वाघ, तीच केशरी पट्टी, तोच दिवसवार कार्यक्रम. भाऊच्या पत्रकात ‘मोहर्ली’ गेटचं ‘मोर्हली’ छापलं गेलं होतं. पुण्याच्या पत्रकातही ‘मोर्हली’च. आणि तळाशी बारीक अक्षरात, पुण्याची कंपनी असूनही, ‘सर्व वाद नागपूर न्यायकक्षेत’.

नक्कल झाली हे सिद्ध करायला याहून चांगला साक्षीदार मिळायचा नाही. बरोबर मजकूर दोघांचा सारखा निघू शकतो, छपाईची चूक सारखी निघत नाही. पण भाऊचा प्रश्न पुढचा आहे : ‘‘केस ठोकू का?’’ त्याचं उत्तर द्यायच्या आधी त्याला एक उलटा प्रश्न विचारावा लागतो. भाऊ, त्यानं नेमकं उचललं काय? कल्पना, मांडणी, नाव की गिऱ्हाईक?

हा प्रश्न विचारावा लागतो, कारण ‘अनुचित स्पर्धा’ या नावाचा सलग कायदा आपल्याकडे नाही. जर्मनीत तो शंभराहून अधिक वर्षं आहे. व्यापारातल्या अप्रामाणिक स्पर्धेला आळा घालण्याचं कलम औद्योगिक संपदेच्या पॅरिस करारातही आहे आणि भारत 1998 मध्ये त्या करारात सामील झाला. आपल्याकडच्या जुन्या एमआरटीपी, म्हणजे मक्तेदारीविरोधी, कायद्यात 1984 मध्ये ‘अनुचित व्यापारी प्रथा’ हे प्रकरण आलं होतं, पण तो कायदाच 2009 मध्ये रद्द झाला. त्याच्या जागी आलेला स्पर्धा आयोग मक्तेदारी आणि संगनमत बघतो. भाऊच्या पत्रकाशी त्याला देणंघेणं नाही. त्यामुळे आपल्याकडे एकच मोठा दरवाजा नाही, चार-पाच खिडक्या आहेत. कुठली उघडेल, हे काय चोरीला गेलं यावर ठरतं.

पहिली गोष्ट, कल्पना. इथे भाऊच्या हाती काही लागणार नाही. ऑस्ट्रेलियात 1974 मध्ये ‘सोलो’ नावाचं लिंबू सरबत बाजारात आलं. पिवळा डबा आणि जाहिरातीत रांगडे, मर्दानी गडी. जाहिरात गाजली. पुढच्याच वर्षी दुसऱ्या कंपनीनं ‘पब स्क्वॉश’ आणलं : पिवळा डबा आणि तसेच रांगडे गडी. वाद थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. 1980 मध्ये निकाल लागला आणि सोलोवाले हरले. प्रतिस्पर्ध्यानं त्यांच्या मोहिमेचा फायदा जाणूनबुजून उठवला, हे कोर्टाला दिसत होतं. पण गिऱ्हाईक फसलं नव्हतं; पब स्क्वॉश घेणाऱ्याला आपण पब स्क्वॉश घेतोय हे ठाऊक होतं. हा निकाल आपल्या कोर्टांवर बंधनकारक नाही, पण आपल्या कायद्याची वाटही फार वेगळी नाही. आर. जी. आनंद यांच्या ‘हम हिंदुस्थानी’ या नाटकावरून ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट काढल्याचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा 1978 मध्ये न्यायालयानं सांगितलं की कल्पनेवर कॉपीराइट नसतो, ती ज्या रूपात मांडली त्या रूपावर असतो. दोन रात्री तीन दिवस, पाणवठ्यावर वाघ, केशरी पट्टी. यातलं काहीच भाऊचं नाही.

ही रेघ नेमकी कुठे ओढायची ते आपल्या पेंचवर छान कळतं. पेंच दोन आहेत, एक आपलं, एक मध्य प्रदेशातलं. सिल्लारी, खुर्सापार आपल्याकडे. तुरिया, कर्माझिरी तिकडे. दोन्हीकडचे लोक ‘मोगलीचं जंगल’ म्हणून जाहिरात करतात आणि कुणी कुणाला अडवू शकत नाही. नदीचं आणि जंगलाचं नाव कुणाच्या मालकीचं नसतं. ‘जंगल बुक’ 1894 मध्ये आलं, त्याचे लेखक किपलिंग 1936 मध्ये गेले, त्यांच्या पुस्तकावरचा कॉपीराइट केव्हाच संपला. लंगोट लावलेला, लांडग्यांत वाढलेला पोरगा तुम्ही तुमच्या चित्रकाराकडून खुशाल काढून घ्या. मात्र डिस्नेच्या 1967 च्या चित्रपटातला मोगली जसाच्या तसा पत्रकावर चिकटवला, तर ते चित्र डिस्नेचं आहे. गोष्ट सगळ्यांची, चित्र एकाचं.

वाघाचंही तेच. वाघ कुणाचाच नाही, पण त्याचा फोटो कुणाचातरी असतोच. पहाटे जिप्सीत थंडीनं कुडकुडत बसून ज्यानं तो टिपला, त्याचा तो सहसा असतो. तुम्ही पैसे मोजून छायाचित्रकाराला कामाला लावलं असेल आणि उलट करार नसेल, तर कॉपीराइट कायद्याच्या 17 व्या कलमानुसार तो तुमचा. छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतरही 60 वर्षं हा हक्क टिकतो. फोटोखाली नाव नाही, किंवा तो गुगलवर सापडला, म्हणून तो फुकट होत नाही. ‘नेटवरनं घेतला’ हा बचाव कोर्टात टिकत नाही.

इमारतीच्या बाबतीतही सावध राहायला हवं. मुंबईच्या ताजमहाल पॅलेस हॉटेलची बाह्याकृती 2017 पासून नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे. ‘मुंबई दर्शन’च्या पत्रकावर ती आपल्या बोधचिन्हासारखी मिरवण्याआधी दोनदा विचार करावा.

आता शब्द. दिवसवार कार्यक्रमातली माहिती, म्हणजे किती वाजता निघणार, कुठल्या गेटनं आत जाणार, कुणाचीही. पण तीच माहिती भाऊनं स्वतःच्या वाक्यांत रंगवून लिहिली असेल, तर ती वाक्यं त्याची. दोन-तीन शब्दांच्या घोषवाक्याचं मात्र अवघड असतं. पेप्सी आणि कोका-कोलाच्या ‘ये दिल मांगे मोअर’वरच्या भांडणात दिल्ली उच्च न्यायालयानं म्हटलं होतं की जाहिरातीच्या घोषवाक्याला प्रथमदर्शनी कॉपीराइटचं संरक्षण नाही. ते तुमच्या नावाशी लोकांच्या मनात जोडलं गेलंय हे दाखवता आलं, तर दुसऱ्या वाटेनं जाता येतं. ती वाट ट्रेडमार्कची.

या वाटेवरही खाचखळगे आहेत. ‘यात्रा’ हा शब्द आपलाच, असं म्हणत यात्रा ऑनलाइननं ‘बुकमाययात्रा’ या नावाला आक्षेप घेतला. 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं अंतरिम मनाई द्यायला नकार दिला. प्रवासाच्या धंद्यात ‘यात्रा’ हा सर्वसाधारण शब्द, त्यावर एकाची मक्तेदारी कशी? ‘ताडोबा सफारी’ हे नाव स्वतःसाठी राखून ठेवू पाहणाऱ्यांनी हा निकाल लक्षात ठेवावा. दुसरी लढाई मेकमायट्रिप आणि बुकिंग डॉट कॉम यांची. गुगलवर ‘मेकमायट्रिप’ टाइप केलं की वर बुकिंगची जाहिरात दिसे, कारण त्यांनी तो शब्द जाहिरातीसाठी घेतला होता. एप्रिल 2022 मध्ये न्यायालयानं त्यांना रोखलं; डिसेंबर 2023 मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठानं तो आदेश उलटवला. बुकिंग हे स्वतःच नावाजलेलं, त्यामुळे गिऱ्हाईक गोंधळणार नाही, असा सूर.

पब स्क्वॉश असो की बुकिंग, निकाल शेवटी एकाच खुंटीवर टांगलेला दिसतो : गिऱ्हाईक फसलं का? पुण्याच्या कंपनीचं पत्रक पाहून कुणी भाऊचीच सहल समजून पैसे भरले, तर खेळ बदलतो. याला कायद्यात पासिंग ऑफ म्हणतात, म्हणजे दुसऱ्याच्या नावलौकिकावर आपला माल खपवणं. त्यात तीन गोष्टी दाखवाव्या लागतात : भाऊचं बाजारात नाव होतं, त्या नावाचा भास करून दिला गेला आणि त्यातून नुकसान झालं किंवा होणार आहे. ट्रेडमार्क नोंदवलेला नसला तरी हा दावा चालतो.

आणि त्यानं भाऊच्या तंबूनिवासाचा फोटो स्वतःच्या मुक्कामाचा म्हणून छापला असेल, तर ही फसवणूक थेट पर्यटकाचीच. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली केंद्रीय प्राधिकरण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड लावू शकतं, पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत. हे फक्त छोट्यांच्या हातून घडतं असं नाही. 2023 मध्ये फिलिपाइन्स सरकारच्या ‘लव्ह द फिलिपाइन्स’ या चित्रफितीत भातखाचरं बालीची आणि वाळूच्या टेकड्या ब्राझीलच्या निघाल्या. सरकारनं जाहिरात कंपनीचा करारच रद्द केला.

एक खिडकी कोर्टाबाहेरही आहे. 1985 पासून मुंबईत काम करणाऱ्या भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या, म्हणजे ‘ॲस्की’च्या, आचारसंहितेत कोर्टापेक्षा अधिक मोकळा नियम आहे : आधी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्याच्या जाहिरातीची मांडणी, मजकूर, घोषवाक्य किंवा दृश्यं चोरल्यासारखी वाटतील इतकी सारखी नसावीत. कोर्ट ज्या केशरी पट्टीकडे दुर्लक्ष करेल, तिच्याबद्दल इथे बोलता येतं. परिषदेला तुरुंग-दंडाचा अधिकार नाही, पण तिचं म्हणणं जाहिरात उद्योगात मानलं जातं.

मग भाऊनं काय करावं? आधी पुरावा गोळा करावा : आपल्या पत्रकाची मूळ डिझाइन फाइल, छापखान्याचं तारखेसह बिल, दोन्ही पत्रकं ज्या दिवशी वर्तमानपत्रात आली तो दिवस. वेबसाइटची छायाचित्रं कोर्टात द्यायची तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या 63 व्या कलमाचं प्रमाणपत्र लागतं. नोटीस पाठवताना हात आखडता घ्यावा. हक्क नसताना कॉपीराइटच्या नावानं धमकावलं, तर समोरचाच कॉपीराइट कायद्याच्या 60 व्या कलमाखाली दावा करू शकतो. तातडीची मनाई नको असेल तर व्यावसायिक दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. आणि पुण्याच्या चकरा मारायची गरज नाही : कॉपीराइटचा दावा आपला धंदा जिथे चालतो तिथल्या जिल्हा पातळीच्या कोर्टात लावता येतो, म्हणजे नागपुरातच.

एवढं सगळं ऐकून भाऊ सरसावून बसतो. मग आपण त्याला शेवटचं विचारतो, ‘‘भाऊ, तो वाघाचा फोटो तुम्हाला कुणी काढून दिला?’’

भाऊ पत्रकाकडे बघतो. ‘‘भाच्यानं. म्हणजे... त्यानं नेटवरूनच घेतला होता.’’

मनाईहुकूम मागायला जाणाऱ्याचे हात स्वच्छ असावे लागतात. ताडोब्यात त्या पहाटे कॅमेरा धरून बसलेला माणूस कोण, हे आधी शोधायला हवं. त्याच्याशी लेखी करार करून, पैसे चुकते करून, मग पुण्याला नोटीस. नाहीतर पहिली नोटीस भाऊच्याच दारात येईल आणि ती पुण्याहून आलेली नसेल.

(पुढील भागात : सहल रद्द झाली, तर आगाऊ रकमेचं काय?)