पातळ साबणाला पोटॅशच हवा

साबणाची वडी किसून पाण्यात उकळली की पातळ साबण तयार झाला, असा समज आहे. गरम असताना तो पातळ दिसतोही. पण निवला की बाटलीत तार सुटणारा बुळबुळीत गोळा होतो. वडी सोडियमची असते आणि सोडियमचा साबण थंड पाण्यात नीट विरघळत नाही. पोटॅशियमचा सहज विरघळतो. म्हणून सुरुवात खोबरेल तेल आणि कॉस्टिक पोटॅश (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) यांपासूनच करावी: १०० ग्रॅम तेलाला शुद्ध पोटॅश सुमारे २५ ग्रॅम. असलं दाहक रसायन घरात नको, हा आक्षेप रास्त आहे. ते डोळे आणि कातडी जाळतं. चष्मा, हातमोजे हवेतच, आणि पोटॅश पाण्यात घालायचा, पोटॅशवर पाणी कधीच ओतायचं नाही. पण अल्कलीशिवाय कुठलाच साबण होत नाही, आणि माप अचूक असेल तर ती तेलाशी संयोग पावून संपते.

सुवास मात्र अगदी शेवटी, साबण निवल्यावर घालावा. उकळत्या मिश्रणातलं गवती चहाचं तेल वाफेबरोबर उडून जातं. तेही एक टक्क्याच्या आतच, नाहीतर त्वचेची आग होते. सौम्यपणासाठी वरून लिंबू पिळणं तर साफ चूक: आम्लाने साबण फाटतो आणि वर पांढरट तेलकट थर धरतो.